सराईत शिंक

बुधवारी सकाळी ओरेस्ट दानिलुकच्या घरात केक भाजला जात होता आणि वाढदिवस कुणाचाच नव्हता.

"उद्यापासून तू माणसांत आलास," भट्टीच्या काचेतून डोकावत त्याची बायको स्लावका म्हणाली. "आजची एक रात्र तेवढी सांभाळ रे बाबा."

ओरेस्ट विलो क्रॉसिंगच्या संघातून आइस हॉकी खेळायचा आणि त्या खेळावरच त्याचं घर चालायचं. गोल करणं त्याला कधी जमलं नाही. त्याला कोपर जमायचं. तो बर्फावर उतरला की प्रेक्षक ताल धरायचे, "ओरेस्ट आला, ओरेस्ट आला, दात आपले खिशात घाला!" प्रतिस्पर्धी हसत, पण हसताना तोंड मिटलेलं ठेवत.

लीगच्या नियमांत अशा माणसांसाठी एक शब्द होता, सराईत. कुणाला इजा केल्याबद्दल बंदी भोगलेला खेळाडू पुढची दीड वर्षं सराईत. त्या काळात पुन्हा काही केलं, तर शिक्षा दुप्पट. दीड वर्ष कोरडं गेलं, की पाटी पुसली. ओरेस्टची पाटी आजवर कधी पुसली गेली नव्हती, कारण ती पुसायची वेळ येण्याआधीच तो तिच्यावर काहीतरी लिहून ठेवायचा. या खेपेचं दीड वर्ष बुधवारी मध्यरात्री पुरं होणार होतं, आणि यंदा मात्र नवा जावई सासरच्या पंगतीत बसावा तसा तो बर्फावर वावरला होता. मधे कुणी आलं, तर बाजूला सरायचा. एकदा तर "सॉरी" म्हणाला होता. गावात त्यावर आठवडाभर चर्चा झाली.

कारण होतं शनिवारचं. शनिवारी करंडकाचा निर्णायक सामना होता, तोही घरच्या बर्फावर. ओरेस्टचे गुडघे आता जिना चढतानाही तक्रार करत. शनिवारी खेळायचं, लोकांना निरोपाचा हात हलवायचा आणि बूट खिळ्याला टांगायचे, एवढंच त्यानं आयुष्याकडे मागितलं होतं.

"लीगचं मन मोठं आहे बघ," स्लावका म्हणाली. "दीड वर्षात विसरतात सगळं. माझ्या बहिणीच्या लग्नात तू काय केलंस, ते मी अजून विसरले नाही."

"त्याला अठरा वर्षं झाली, स्लावका."

"माझ्याकडे पाटी पुसायची सोय नाही."

तिनं डबा भरून दिला. सॉसेज, पाव आणि ख्रिन. ख्रिन म्हणजे बीट घालून किसलेली एक तिखट मुळी. जिभेवर ठेवली, की ती थेट कपाळात जाऊन दार ठोठावते. ईस्टरच्या जेवणासाठी केली होती; ईस्टर होऊन गेला, पण बरणी काही संपत नव्हती.

त्या रात्री घरच्याच बर्फावर, शनिवारच्याच संघाशी सामना होता; तो बरोबरीत अडकला आणि जादा वेळेत गेला. मधल्या सुटीत ओरेस्टनं डबा उघडला आणि भुकेच्या भरात ख्रिनचा हात जरा सैल सोडला. मग कडेच्या फळ्यांपाशी पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, मागे तो आणि समोरच्या संघातला यानिक थेबेर्ज एकदमच धावले. ओरेस्ट शहाण्यासारखा वेग कमी करत होता. तेवढ्यात कपाळातलं ते दार उघडलं.

शिंक आली.

आता, शिंक आली की कोपर तोंडावर धरावं, ही त्याच्या आईची शिकवण. आयुष्यात एवढी एकच चांगली सवय त्यानं मनापासून पाळली होती. कोपर उठलं. वाटेत थेबेर्जचा जबडा होता.

दुसऱ्या दिवशी संघाचे व्यवस्थापक लिंकलेटर ओरेस्टच्या स्वयंपाकघरात बसून केक खात होते. संगणकावरून टोरोंटोतल्या शिस्त समितीपुढे सुनावणी व्हायची होती.

"मी शिंकलो हो," ओरेस्ट म्हणाला. किती वेळा म्हणाला, त्याची गणती नव्हती.

"ते पुन्हा बोलू नकोस."

"पण खरंच शिंकलो."

"अरे, चित्रात शिंक दिसत नाही, कोपर दिसतं. आणि कोपर तुझं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं, तर शिंक सांगितली असती." लिंकलेटरनी बोटावरचं क्रीम चाटलं. "मी घड्याळ मांडणार आहे. तू फक्त गरीब दिस."

घड्याळाचा मुद्दा असा होता. वसंत आला, की टोरोंटोवाले आपली घड्याळं पुढे सरकवतात. विलो क्रॉसिंग ज्या प्रांतात आहे त्या सस्काचेवानात घड्याळाला कुणी हात लावत नाही, इथल्या गाईंना ते पटत नाही. त्यामुळे एप्रिलात टोरोंटो दोन तास पुढे असतं. थेबेर्जचा जबडा हलला, तेव्हा विलो क्रॉसिंगमध्ये बुधवार होता, पण टोरोंटोत गुरुवार लागला होता. आणि लीगचं कार्यालय टोरोंटोत.

पडद्यावर शिस्त समितीचे प्रेंटिस साहेब उगवले. खेळत होते तेव्हा अर्ध्या लीगचे दात त्यांच्याच खाती जमा होते. त्या अनुभवावरच त्यांना न्यायदानाचं काम मिळालं होतं. त्यांनी घड्याळाचा युक्तिवाद ऐकला, छताकडे पाहिलं, कुणाशी तरी कुजबुजले.

"मान्य," ते म्हणाले. "टोरोंटोच्या वेळेनुसार मिस्टर दानिलुक त्या क्षणी सराईत नव्हते."

स्लावकानं भट्टीपाशी क्रूसाची खूण केली. लिंकलेटरनी केकचा आणखी एक तुकडा घेतला.

"म्हणजे आता त्यांना स्वच्छ माणसाचे सगळे हक्क आहेत," प्रेंटिस पुढे म्हणाले. "सराईताला आम्ही कारण विचारत नाही, वेळ जातो. स्वच्छ माणसाला विचारावं लागतं. का मारलंत?"

टेबलाखालून लिंकलेटरची लाथ आली. पण ओरेस्ट आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ झाला होता, आणि स्वच्छ माणसानं खरं बोलायचं असतं, असं त्याला वाटलं.

"साहेब, मला शिंक आली."

प्रेंटिस पडद्यावर पुढे झुकले.

"कसली?"

"ख्रिनची."

"मिस्टर दानिलुक, मी स्वतः पुष्कळ थापा मारल्या आहेत. बर्फ उंचसखल होता म्हणालो, डोळ्यात दिवा चमकला म्हणालो. पण समितीची इतकी थट्टा मी कधी केली नाही."

"पण माझी पाटी पुसली ना?" ओरेस्टनं विचारलं. "आत्ताच तुम्ही म्हणालात."

"शिक्षेपुरती पुसली. विश्वासापुरती नाही. शिक्षा आम्ही नियमांतून काढतो, विश्वास आठवणीतून."

"हे माझ्यासारखंच झालं," भट्टीपाशी स्लावका पुटपुटली.

निकाल संध्याकाळी लागला. कोपराबद्दल, पहिलाच गुन्हा धरून, नुसती समज. सुनावणीत खोटं बोलल्याबद्दल एका सामन्याची बंदी. शनिवारची.

"कोपर सुटलं," लिंकलेटर दारात टोपी घालत म्हणाले, "जीभ अडकली. तुला मी नुसतं गरीब दिसायला सांगितलं होतं, प्रामाणिक नव्हे."

शनिवारी ओरेस्ट कोट घालून स्लावकासोबत पाहुण्यांच्या कक्षात बसला. खाली त्याचा बर्फ त्याच्याशिवाय चकाकत होता. शेजारच्या खुर्चीत थेबेर्ज होता, जबड्याला पट्टी बांधलेला. न खेळणाऱ्यांची सोय एकत्रच होती. पुढच्या रांगेत करंडक द्यायला आलेले प्रेंटिस साहेब बसले होते.

थेबेर्ज भला माणूस होता. "खरंच शिंक होती?" त्यानं दातांच्या फटीतून विचारलं.

"आईशप्पथ."

"मला कुणी विचारलंच नाही. मी ऐकली होती की."

स्लावकाला त्या पोराची इतकी दया आली, की तिनं तिथेच डबा उघडला. "चावता येत नाही ना रे तुला? हे घे, नुसतं चाट. घरचं आहे."

थेबेर्जनं चमचाभर ख्रिन चाटलं. त्याचे डोळे मोठे झाले, मान मागे गेली. त्यालाही आई होती, आणि तिनंही त्याला शिकवलं होतं.

त्याचं कोपर उठलं आणि ओरेस्टच्या नाकावर बसलं.

मोठ्या पडद्यावर नेमकं त्याच वेळी पाहुण्यांचा कक्ष दाखवत होते. साऱ्या रिंगणात 'आई गं' झालं. ओरेस्टच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ओघळलं. प्रेंटिस साहेब वळले.

"काय झालं?"

"शिंक," थेबेर्ज म्हणाला.

"अरेरे. देव भलं करो," म्हणत प्रेंटिसनी खिशातला रुमाल काढला आणि थेबेर्जला दिला. मग नाक धरून बसलेल्या ओरेस्टकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय केलंत याला?"