रिकाम्या खुर्चीला होकार

माझ्याइतकं छान ऐकून घेणारा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही! ही बढाई नव्हे, रोज संध्याकाळी बातम्यांत दिसणारी वस्तुस्थिती आहे. मी टीव्हीचा बातमीदार. कुणी बडा माणूस पडद्यावर बोलत असला, की मधेच क्षणभर मी दिसतो. बोलत काही नाही. कपाळावर एक बारीक आठी, डोळ्यांत अपार समजूतदारपणा आणि मान हळूच वर-खाली. बघणाऱ्याला वाटतं, काय हा माणूस जीव ओतून ऐकतोय!

आता आतली गोष्ट सांगतो, कुठे बोलू नका. मी मान डोलावत असतो तेव्हा समोर कुणीही नसतं!

त्याचं असं आहे. मुलाखतीला आमच्याकडे कॅमेरा एकच, आणि तो सगळा वेळ पाहुण्यावर. पाहुणा बोलतो तासभर, बातमीत जागा मिळते त्याच्या दोन-चार वाक्यांना. मग त्याचं बोलणं कापावं लागतं. जिथे कापलं तिथे तो एकदम टुणकन उडाल्यासारखा दिसतो, म्हणून त्या जागेवर माझी डोलणारी मान चिकटवतात. त्यासाठी पाहुणा गेला, की कॅमेरा माझ्याकडे वळतो आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत माना देतो. शंकेची मान, सहानुभूतीची मान, "खरंच की!" वाली मान. ऑफिसात मला नंदी म्हणतात ते काही उगाच नाही.

समोर माणूस नसला की मी कुठे असतो म्हणता? मी असतो पाण्याच्या काठी. एक छोटंसं घर, निळं दार, खिडकीत वाऱ्याने फुगणारा पडदा. फोन नाही, ताजी बातमी नाही. पाण्यावर एक होडी, ती कुठे जात नाही, नुसती हलते. आणि तिच्या त्या हलण्याबरोबर माझी मान हलते. लोकांना ते माझं चिंतन वाटतं. असो. कुठे होतो मी? हं, मानेवर.

तर या मानेनेच माझं लग्न जुळवलं, आणि जवळजवळ मोडलंही!

आमच्या बातम्या कापण्या-जोडण्याचं काम जी करते तिला सगळे कात्री म्हणतात. अंधाऱ्या खोलीत बसून तिने माझ्या शेकडो माना कापल्या, जोडल्या. रिकाम्या खुर्चीचं गुपित तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरीही एके दिवशी तिने मला होकार दिला. मी विचारलं, "माझ्यात काय बघितलंस गं?"

"रिकाम्या खुर्चीकडे जो इतक्या प्रेमाने बघतो, तो भरलेल्या खुर्चीकडे कसा बघेल, असं मनात आलं," ती म्हणाली.

त्या दिवशी ती होडी काठ सोडून पार आभाळात गेली!

अडचण होती ती तिच्या वडिलांची. ते हेडमास्तर, नुकतेच निवृत्त. उभं आयुष्य एका जुन्या शाळेत घालवलेलं. आता ऐकायला वर्ग नाही, म्हणून जो सापडेल त्याला बसवून ते शाळेच्या गोष्टी सांगत. त्यांनी लेकीला एकच अट घातली होती.

"बाबा म्हणतात, हुशार नसला तरी चालेल, देखणा नसला तरी चालेल..."

"छान!" मी म्हणालो.

"...पण ऐकून घेणारा हवा. शनिवारी संध्याकाळी ये. आपण सगळे मिळून तुझी बातमी बघू, मग ते बोलतील."

मी मनातल्या मनात मांडे खायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी मला शहरातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या बड्या साहेबांची मुलाखत घ्यायची होती. म्हटलं, त्यात अशा माना देतो, की हेडमास्तर पडद्यासमोरच हार मानतील!

साहेबांची खोली मोठी होती. खिडकीवर पडदा होता, आणि तो फुगत होता. घात तिथेच झाला! मी पहिला प्रश्न विचारला, साहेबांनी बोलायला सुरुवात केली, पडदा फुगला आणि मी निळ्या दारातून आत. तिथे कात्री खिडकीत बसून मला काहीतरी वाचून दाखवत होती. साहेब काय म्हणाले, देव जाणे. ते थांबले की मी म्हणायचो, "जरा अधिक स्पष्ट करून सांगाल?" या एका प्रश्नावर मी आख्खी कारकीर्द काढली आहे. साहेब अधिकाधिक स्पष्ट करत गेले.

ते उठून गेल्यावर आमच्या कॅमेरामनने कॅमेरा फिरवला. तो हलत नाही आणि हसत नाही, म्हणून त्याचं नाव खांब.

"दे माना," खांब म्हणाला.

मी दिल्या! संध्याकाळचा विचार मनात होता. कात्रीचं घर, तिचे आईवडील, मायेने पुढे केलेला चहाचा कप. माझे डोळे भरून आले. खांबाने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"घरी सगळे ठीक आहेत ना रे?"

"का?"

"काही नाही. रडत रडत मान हलवतोयस."

शनिवारी कात्रीने अर्धी रजा घेतली होती. पाहुणा येणार म्हणून घर आवरायचं होतं. तिच्या जागी बसवला खेळाच्या बातम्या कापणारा माणूस. बिचारा भला, पण त्याला एकच गोष्ट माहीत. एखाद्याने जोरदार फटका मारला रे मारला, की लगेच खूश झालेले प्रेक्षक दाखवायचे! हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी मात्र नवा शर्ट घालून कात्रीच्या घरी सोफ्यावर बसलो होतो.

हेडमास्तर शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते. काकू, म्हणजे कात्रीची आई, कोपऱ्यात लोकरीचं काहीतरी विणत होत्या. कात्री दाराशी उभी. पश्चिमेच्या खिडकीतून सोनेरी ऊन आत आलं होतं आणि चहाच्या वाफेला पण एक शोभा आली होती. बातम्या सुरू झाल्या. साहेब पडद्यावर आले.

"ती कालव्याकाठची जुनी शाळा आम्ही बंद करतोय," साहेब म्हणाले.

हेडमास्तरांच्या हातातला कप थांबला. ही त्यांचीच शाळा! मी सकाळी त्याच खोलीत, साहेबांपासून दोन हातांवर बसलो होतो, आणि ही बातमी मला आत्ता टीव्हीवरून कळत होती!

"तिथल्या मास्तरांनी वर्षानुवर्षं फक्त झोपा काढल्या," साहेब म्हणाले. फटका!

पडद्यावर मी. मान वर-खाली. अगदी, अगदी.

"आणि तिथले जुने हेडमास्तर! त्या गृहस्थांनी बडबडीपलीकडे आयुष्यात काही केलं नाही." षटकार!

पडद्यावर पुन्हा मी. डोळे पाण्याने भरलेले, ओठांवर हळवं हसू, मान अशी डोलतेय की जणू माझ्याच मनातलं दुःख साहेबांनी बोलून दाखवलं!

बातमी संपली. काकूंच्या सुया चालूच होत्या. माझा नवा शर्ट अंगाला चिकटला.

"छान," हेडमास्तर म्हणाले. "पटलेलं दिसतंय तुम्हाला."

"नाही हो सर! मी त्यांच्या बोलण्याला मान हलवलीच नाही!"

"मग कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही! ते निघून गेले होते. समोर रिकामी खुर्ची होती."

"तुम्ही रिकाम्या खुर्चीला होकार देत होतात?"

"रोजच देतो सर! कामच आहे ते माझं!"

हेडमास्तरांनी लेकीकडे बघितलं. लेकीने छताकडे.

"आणि रडत होतात ते?"

"ते तुमची आठवण येऊन!"

"आपण आज पहिल्यांदा भेटतोय," हेडमास्तर म्हणाले.

खड्ड्यात पडलेल्या माणसाने खणणं थांबवावं. पण शहाणपण सुचलं असतं तर मी बातमीदार कशाला झालो असतो! मी उठून एक खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "सर, प्रात्यक्षिकच दाखवतो. तुम्ही काहीही बोला. मी मान हलवतो. मानेचा आणि पटण्याचा काडीचाही संबंध नसतो, ते तुम्हाला दिसेल."

"काहीही बोलू?"

"अगदी काहीही!"

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. शाळेची घंटा पितळेची होती आणि तिचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जायचा. शेवटच्या वर्गाला एक मागची खिडकी होती. तिच्यातून कालव्याचं पाणी दिसायचं. दुपारी पाण्यावरून उन्हाची तिरीप वर्गाच्या छतावर नाचायची, आणि मुलं फळा सोडून तिच्याकडे बघत बसायची...

पाणी! झालं! मी निघालो. निळं दार उघडंच होतं. छतावर तिरीप नाचत होती, होडी हलत होती, मी हलत होतो. लांबून कुणाचा तरी आवाज येत होता.

"तुम्ही मूर्ख आहात का?"

मी मान डोलावली.

"माझ्या मुलीला सुखी ठेवाल?"

मी मान डोलावली.

"की तिचा नाद सोडून आत्ताच्या आत्ता चालते व्हाल?"

मी मान डोलावली. जरा जास्तच प्रेमाने, असं कात्री नंतर म्हणाली. तिच्या "अरे!" या किंकाळीने मी काठावर परत आलो. तिने कपाळाला हात लावला होता. हेडमास्तर उभे राहिले होते आणि दाराकडे बोट दाखवत होते.

"याला माणसाचं ऐकू येत नाही! नंदीबैल आहे हा नुसता!"

तेवढ्यात कोपऱ्यातून हसू फुटलं. काकू सुया बाजूला ठेवून पदराने डोळे पुसत होत्या.

"हसतेस काय?" हेडमास्तर म्हणाले.

"अहो, त्याला कशाला बोलता? मी इतकी वर्षं दुसरं काय करतेय!"

"म्हणजे?"

"तुम्ही शाळेचं सुरू केलंत, की घंटेपर्यंत ऐकते. पुढे टाके मोजते. मान आपली हलत असते."

हेडमास्तर खाली बसले. मगाशी साहेबांच्या बोलण्याने उतरला नव्हता एवढा त्यांचा चेहरा आता उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे त्या खिडकीचं पुढे काय व्हायचं, ते कुणालाच माहीत नाही?"

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. हा माणूस जन्मभर आपल्या घरात रिकाम्या खुर्च्यांशी बोलत आला होता. मी माझी खुर्ची अजून थोडी जवळ ओढली.

"सर, छतावर तिरीप नाचायची, इथपर्यंत मी ऐकलं होतं. पुढे काय व्हायचं?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग सांगायला लागले. मुलं तिरीप बघत बसली की हेडमास्तरांनी शिकवणं थांबवायचं. कुणाला रागवायचं नाही. ढग येऊन तिरीप विझेपर्यंत आख्खा वर्ग गप्प बसून वर बघायचा, तेही बघायचे. वरून तपासणीला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने एकदा ते पाहिलं आणि शेरा मारला, की इथले मास्तर झोपा काढतात.

"आजचे साहेब!" मी ओरडलो.

"तेच," हेडमास्तर म्हणाले. मग थांबले. "तुमची मान हलत नाहीये. ऐकताय ना?"

"आत्ताच तर खरं ऐकतोय, सर."

खोलीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. काकूंचं विणकाम मांडीवर तसंच पडलं होतं. हेडमास्तर कात्रीला म्हणाले, "याला अजून एक चहा दे." जाणकार वाचकांना याचा अर्थ सांगायला नको!

दुसऱ्याच दिवशी मी खांबाला घेऊन शाळेत गेलो आणि त्या मागच्या खिडकीशी हेडमास्तरांची मुलाखत घेतली. ऑफिसात आल्यावर मुख्य संपादक कडाडले, "फारच लांब आहे, कापा!"

"कापता येत नाही," कात्री गोड आवाजात म्हणाली. "याने माना घेतल्याच नाहीत."

"नंदीने? माना घेतल्या नाहीत?"

"विसरलो," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

शेवटी हेडमास्तर न कापता, जसेच्या तसे बातम्यांत गेले. शाळा वाचली असं नाही, ती बंद झालीच. पण ती खिडकी आणि ती तिरीप आख्ख्या शहराने ऐकली. हेडमास्तरांना जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून "सर, मीही वर बघायचो" असं सांगतात. माझे सासरे आता घरी कमी बोलतात आणि सासूबाईंचा स्वेटर रखडला आहे.

आणि आमचा संसार? दृष्ट लागण्यासारखा! काल संध्याकाळी गॅलरीत बसून मी कात्रीला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ते पाण्याकाठचं घर, निळं दार, ती होडी. ती माझ्याकडे बघत होती. कपाळावर एक बारीक आठी, डोळे किंचित ओलावलेले, मान हळूच वर-खाली. मी सुखावलो. आणि मग एकाएकी माझ्या लक्षात आलं. ही मान माझ्या ओळखीची होती! माझ्या असल्या शेकडो माना हिने स्वतःच्या हाताने कापल्या होत्या!

मी आवाज न बदलता म्हणालो, "आणि मग त्या होडीत बसून मी दुसरं लग्न करायला जातो."

कात्रीने अत्यंत समजूतदारपणे मान डोलावली.

"जरा अधिक स्पष्ट करून सांगशील?" ती म्हणाली.

तेव्हापासून मुलाखत झाली, की निघताना मी त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर एकदा मायेने हात फिरवून येतो.