मौजे धामणदरी येथील मांजर-माणसांची पडताळणी

आमच्या कक्षाचं पूर्ण नाव 'दैवत, दंतकथा व लोकपरंपरा पडताळणी कक्ष' असं आहे. फलकावर ते मावत नाही, म्हणून फलक अजून लागलेला नाही. कक्ष अधिकारी बन्सीधरसाहेब, लिपिक मी आणि एक कपाट, एवढाच आमचा पसारा. कक्ष स्थापन झाल्यापासून परभणी जिल्ह्यातल्या एकाही माणसाने आमच्याकडे अर्ज केला नव्हता. साहजिकच आमच्याकडे एकही प्रकरण प्रलंबित नव्हतं, आणि या कार्यक्षमतेबद्दल वरून दोनदा अभिनंदनाचं पत्रही आलं होतं. हे सुख एका सोमवारी वैजयंतीने घालवलं.

वैजयंती चारठाण्याजवळच्या धामणदरीची. तिचे वडील चन्नबसप्पा यांचं गावात किराणा दुकान आहे. त्या दुकानाच्या माडीवर बसून ही मुलगी पुण्याच्या एका कंपनीसाठी गेममधली पात्रं काढते. काल्पनिक दुनियेचे गेम असतात, त्यांत आग ओकणारे अजगर असतात, बुटके लोहार असतात, आणि मांजर-माणसं तर असतातच असतात. शरीर माणसाचं, डोक्यावर मांजराचे कान, मागे शेपूट आणि हातात तलवार. वैजयंतीने आठ महिने खपून अशी एक मांजर-बाई तयार केली होती आणि तिला नाव दिलं होतं बायना. गावच्या सुईणीचं नाव बायनाबाई, तिच्यावरून. चित्र मी पाहिलं. शेपूट सोडली तर बायनाबाईच होती, तीच भेदक नजर आणि तसंच कमरेवर हात ठेवून उभं राहणं.

अडचण अशी झाली की कंपनीच्या वकिलांना कुणाच्या तरी भावना दुखावतील अशी भीती वाटली. आपल्याकडे भावना अशा रस्त्यावरच वाळत घातलेल्या असतात, त्यामुळे भीती अगदीच खोटी नव्हती. वकिलांनी लिहून कळवलं की या पात्राला स्थानिक पुराणकथेचा आधार असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवावा. न आल्यास बायना रद्द होईल, तिच्या जागी एक पोपट-माणूस घेतला जाईल आणि वैजयंतीने पुण्याला येऊन इतरांच्या पात्रांची नखं रंगवावीत.

"साहेब, एवढी एक सही द्या," ती म्हणाली. "बायना गेली तर माझं गावही गेलं."

बन्सीधरसाहेब सही देणारच होते. पण सही द्यायची तर आधी फाईल उघडावी लागते, आणि फाईल उघडली की ती स्वतःच्या पायांनी चालू लागते. साहेबांनी आधाराचा तपशील मागितला. वैजयंती तयारीने आली होती. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, मांजराच्या तोंडाची देवी होती, असं तिने सांगितलं. साहेबांनी मिसर हे जिल्ह्याबाहेर असल्याचा शेरा मारला. जपानात म्हातारी मांजरं माणसाचं रूप घेतात अशी कथा आहे, ती तर आणखीच बाहेर गेली. मग तिने आपल्या पुराणातला दाखला काढला. गौतम ऋषींच्या आश्रमातून पळताना इंद्राने मांजराचं रूप घेतलं होतं. साहेब खुर्चीत सावरून बसले. वरिष्ठांच्या वर्तनाचा विषय फायलीत नको, असं त्यांनी मला हळूच सांगितलं आणि मी ते खोडलं.

शेवटी वैजयंतीने पिशवीतून घडी घातलेला एक जुना कागद काढला. आपल्याकडे बाळाच्या पाचवीला कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. सटवाई म्हणजेच षष्ठीदेवी आणि षष्ठीचं वाहन मांजर, म्हणून बायनाबाई ज्या घरी बाळंतपण करायची तिथे पाचवीच्या दिवशी मांजराला हाकलू द्यायची नाही. वैजयंतीच्या पाचवीला घरच्या मांजरीने नैवेद्याचं दूध पिऊन त्या कागदावर पाय दिला होता. आई हा कागद सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, माझ्या पोरीचं नशीब लिहायला देवी आली नाही, तिने वाहनच पाठवलं. आई आता नाही. कागद आहे, आणि त्यावर ओल्या पायाचा एक पिवळट डाग आहे.

मला क्षणभर भरून आलं. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मजकूर नाही, जावक क्रमांक नाही आणि पंजा डावा की उजवा याचा उल्लेख नाही, एवढ्या तीन त्रुटी त्यांनी जागच्या जागी काढल्या. तरीही माणूस मनाचा चांगला. त्यांनी कागद जोडपत्र म्हणून लावून घेतला आणि प्रत्यक्ष स्थळपाहणीचा निर्णय दिला. आमच्या छापील नमुन्यात 'काल्पनिक' असा रकाना नाही, 'रहिवासी' असा आहे. त्यामुळे मांजर-माणसांचा धामणदरीशी संबंध सिद्ध करायचा तर धामणदरीत निदान काही मांजर-माणसं राहत असली पाहिजेत, हे ओघानेच आलं.

मांजर-माणूस ओळखायचा कसा, यावर बुधवार आणि गुरुवार गेले. कानांचा निकष साहेबांनी फेटाळला, कारण गावात प्रत्येकाचे कान दुसऱ्याच्या घराकडेच असतात. कसंही पडलं तरी पायांवर उभं राहणं हा निकष चांगला होता, पण त्यात एकटे सरपंच तात्याराव बसत होते. ते जिल्हा परिषदेच्या तीन निवडणुकांत पडले आणि तिन्ही वेळा सत्ताधारी पक्षात उभे दिसले. एकाच नमुन्यावर दाखला देता येत नाही. अखेर पूर्वापार चालत आलेला निकष घेतला. मांजर डोळे मिटून दूध पितं. ज्याचे दूध पिताना डोळे मिटतील, तो मांजर-माणूस.

शुक्रवारी अकरा वाजता शाळेच्या मैदानावर चाचणी सुरू झाली. मांजर-माणसांसाठी काहीतरी योजना येणार अशी बातमी आमच्या आधीच गावात पोचली होती, त्यामुळे अख्खं गाव हजर होतं. तात्यारावांनी पहिला कप घेतला आणि डोळे मिटले. दूध डेअरीचे चिटणीस कप तोंडाला लावायच्या आधीच मिटून बसले. मास्तरांनी मिटले, चन्नबसप्पांनी मिटले. एसटीचा ड्रायव्हर बस उभी करून आला, त्याने दोन कप पिऊन दोन्ही वेळा मिटले. वैजयंतीचेही मिटले. तुलनेसाठी एक सामान्य माणूस हवा म्हणून साहेब स्वतः प्यायले. त्यांचे डोळे कप संपल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत. मी सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि सर्वांत शेवटी माझं लिहिलं.

राहिली बायनाबाई. "मला दूध पचत न्हाई," ती म्हणाली. "मी कोरा चहा पितेय." तिने तो उघड्या डोळ्यांनी, साहेबांकडे बघत प्यायला. मी तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं.

"म्हंजे समद्या गावाची पाचवी मी केली, आन मलाच वगळलं व्हय?" ती बोलली. साहेबांनी निकषांपुढे आपला इलाज नसल्याचं नम्रपणे सांगितलं. तिने कप उचलला आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. मला वाईट वाटलं, पण लिहिलेलं होतं.

यादी ध्वनिक्षेपकावर वाचून झाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आता फक्त दाखल्यावर शिक्का उमटवायचा होता. शिक्का रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीत ठेवलेल्या पेटीत होता. साहेब निघाले, तेवढ्यात तात्याराव समोरून रस्ता ओलांडून गेले. साहेब थांबले. मांजर आडवं गेलं होतं.

मांजर आडवं गेलं की दुसरं कुणीतरी आधी पुढे जाईपर्यंत थांबायचं, हे धामणदरीत कुणाला शिकवावं लागत नाही. साहेबांनी डेअरीच्या चिटणिसांना पुढे व्हायला सांगितलं. ते गेले, पण तेही यादीतले, म्हणजे आणखी एक मांजर आडवं गेलं. मास्तर निघाले आणि चिटणीस पलीकडे गेलेले पाहून मध्येच थांबले. ड्रायव्हरने नुकतीच काढलेली बस पुन्हा थांबली. बसमागे सोयाबीनचा ट्रॅक्टर आणि त्यामागे बोरीला निघालेलं वऱ्हाड थांबलं. साडेचारला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं, आणि जो तो शेजाऱ्याला अदबीनं 'तुमी व्हा पुढं' म्हणत होता. मी सरकारी नोकरीत सतरा वर्षं काढली आहेत, मला त्या दृश्यात नवीन काही वाटलं नाही.

वैजयंती मात्र सरळ चालत पलीकडे गेली आणि शिक्का घेऊन येते म्हणाली. शिक्का अधिकाऱ्याखेरीज इतरांच्या हाती देता येत नाही. शिवाय ती आडवी गेल्यामुळे साहेब आणखी सात पावलं मागे सरले. ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, तुमचा या गोष्टींवर विश्वास हाय का खरंच?"

"अजिबात नाही, ताई," साहेब मनापासून म्हणाले. "पण आता ते नोंदीत आलंय."

पावणेपाचला वैजयंतीने लॅपटॉप मिटला आणि शाळेच्या पायरीवर बायनाबाईच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारीने काय झालं ते विचारलं. पोरीने सांगितलं. बायनाबाईने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मी अपात्रच हाय न्हवं?" तिने मला विचारलं. मी यादी बघून हो म्हणालो. ती उठली, कमरेवर हात ठेवून तिने एकदा दोन्ही बाजूंच्या जनतेकडे पाहिलं आणि सावकाश रस्ता ओलांडून गेली.

तिच्यामागे साहेब गेले, साहेबांमागे बस, ट्रॅक्टर आणि वऱ्हाड. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी शिक्का उमटला, अठ्ठावन्नला वैजयंतीने दाखल्याचा फोटो पुण्याला पाठवला. बायना वाचली. पोपट-माणसाला दुसऱ्या गेममध्ये घेतल्याचं कळतं. चन्नबसप्पांनी आनंदाने गावभर पेढे वाटले, ते खातानाही पुष्कळांचे डोळे मिटत होते, पण त्याची नोंद घेतली नाही. गेममधली बायना आता लढाईला निघताना कोरा चहा पिते.

एकच गोष्ट सांगायची राहिली. धामणदरीच्या निकालाने वर फार समाधान झालं असून ही चाचणी आता घरोघरी घेण्याचे आदेश आले आहेत. तुम्हाला हे सगळं वाचून हसू आलं असेल. मलाही आलं होतं. म्हणून गेला आठवडाभर मी रोज सकाळी आरशासमोर कप घेऊन उभा राहतो. पहिला घोट डोळे उघडे ठेवून जातो, दुसराही जातो, तिसऱ्याला ते मिटतातच. आमचा माणूस लवकरच तुमच्याकडे दूध घेऊन येईल. तोवर तुमच्या गल्लीत आधी पुढे कोण होणार ते ठरवून ठेवा, कारण बायनाबाई एकच आहे आणि ती तुमच्या गल्लीत राहत नाही.