लिमिटेड एडिशनचा रस्ता

आमच्या पाड्यापासून खोडाळ्याच्या डांबरी रस्त्यापर्यंत पाच किलोमीटर अंतर आहे, आणि मधल्या ओढ्यावरची मोरी दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेली. तेव्हापासून आजारी माणसाला आणि अडलेल्या बाईला डोलीतून, म्हणजे बांबूला बांधलेल्या चादरीतून, नेण्याची व्यवस्था सुरळीत चालू होती. मी जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, म्हणून अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सात अर्ज लिहिले. सातव्याला उत्तर आलं : "सदर रस्त्यावर कोणीही जात नसल्याने दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही."

तेव्हा माझी सोनी नऊ महिन्यांची होती. ती नुसती शिंकली तरी माझ्या डोळ्यांपुढे आधी मोरी यायची, डॉक्टर नंतर.

माझा दीर उमेश मात्र निवांत. पाड्यावर रेंज फक्त मोहाच्या झाडाखालच्या खडकावर येते. उमेश दिवसभर त्या खडकावर बसून, अजून न निघालेल्या गाड्यांबद्दल अंदाज करणाऱ्या एका ग्रुपवर असायचा. त्या दिवसांत तिथे एक लिमिटेड एडिशन स्पोर्ट्स कार गाजत होती.

"वहिनी, सगळ्या जगात एकोणपन्नासच निघणार. इंजिन पुढं का मागं, अजून कुणाला ठाव नाय."

"मग गाडी आहे हे तरी कशावरून?"

"नसती तर एवढी माणसं भांडली असती का? आणि वजन बघा, शंभर किलोनं उतरवलंय. म्हणून तर भाव वाढला!"

अंगणवाडीच्या वहीत सोनीचंही वजन उतरलेलं होतं. तिचा भाव वाढल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं.

उमेश विहिरीवर आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन घेऊन खडकावर बसले आणि आठवा अर्ज लिहिला. फक्त पत्ता बदलला. "आतल्या गोटातून समजतं," मी ग्रुपवर टाकलं, "की या गाडीची गुप्त चाचणी खोडाळ्याजवळच्या, वाहून गेलेल्या मोरीच्या रस्त्यावर होणार आहे. कृपया कुणाला सांगू नये."

चौथ्या दिवशी सरकारी गाडी मोरीपलीकडे थांबली आणि रस्ते खात्याचे साहेब चालत वर आले. बूट चिखलाने भरलेले, चेहरा प्रसन्न, हातात ग्रुपवरच्या त्या बातमीची प्रिंट.

"कंपनीचं पत्र आलंय का, साहेब?" मी भीत भीत विचारलं.

"नाही ना! म्हणजे गुप्तता किती कडक असेल, बघा."

"पण इथेच कशाला करतील चाचणी?"

"मॅडम, अशा चाचण्या कुणीही जात नसलेल्या रस्त्यावरच करतात. आमच्या दप्तरी तसा हाच एक रस्ता. लेखी कळवलंय आम्ही. तुम्हालाच."

मोरी एकोणीस दिवसांत उभी राहिली. मग कुणीतरी ग्रुपवर लिहिलं की गाडीचं पोट जमिनीपासून फक्त चार इंच वर असेल. साहेबांनी लगेच एका फळीखाली चार इंच जागा सोडून चाकं बसवली आणि ती फळी दोरीने ओढत पाचही किलोमीटर फिरवली. जिथे अडली तिथला रस्ता तासून काढला. शेवटी असा गुळगुळीत झाला की आमच्या कोंबड्या त्यावरून जाताना पाय उचलून बघायच्या.

पाड्यातला तुका आजवर आपली काळी जीप खोडाळ्यातच ठेवायचा. त्याने ती पहिल्यांदा घरापर्यंत आणली. माझ्या सासूबाई, भागीआई, यांनी चाकाखाली नारळ फोडला. मी दोन पावसाळ्यांनी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी पाड्याच्या तोंडावर लोखंडी फाटक लागलं. शेजारी आदेश : चाचणीपूर्वी पृष्ठभागाची झीज टळावी म्हणून रस्ता इतर वाहने, जनावरे व पादचारी यांना बंद. तुकाची जीप आत अडकली. फाटकावर राखणदार नेमला तो सुकऱ्या. डोली उचलण्यात त्याच्यासारखा खांदा पाड्यात दुसरा नव्हता. म्हणजे आता रस्ता होता पण जाता येत नव्हतं, आणि डोली होती पण उचलायला माणूस नव्हता. विकास म्हणतात तो हाच असावा.

महिना गेला, गाडी आली नाही. "उशीर होतोय म्हणजे काहीतरी मोठंच असणार," उमेश म्हणाला. ग्रुपचंही तेच मत पडलं. साहेबांनी फाटकाला दुसरं कुलूप लावलं.

आणि एका दुपारी सोनी तापाने फणफणली. अंग वाकडं झालं, डोळे पांढरे. मी तिला उराशी धरून जीपमध्ये बसले. तुकाने फाटकापाशी हॉर्न वाजवला.

"वहिनी, उघडता नाय येत," सुकऱ्या रडकुंडीला आला. "माझी नोकरी जाईल."

"आणि माझी पोर?"

"मी काय करू? कागदात लिवलंय, तीच गाडी सोडायची."

"दाव तो कागद."

मी कागद वाचला. सात अर्ज लिहिलेल्या बाईला सरकारी वाक्याची फट दिसते. लिहिलं होतं : "चाचणीचे वाहन मूळ आकार ओळखू येऊ नये यासाठी काळ्या अंगावर पांढऱ्या नक्षीने झाकलेले असेल. असे वाहन न थांबवता सोडावे."

मी जीपकडे बघितलं. जीप काळी होती. मी भागीआईंकडे बघितलं. लग्नघरच्या भिंतीवर पांढऱ्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला चार गावं त्यांना बोलावतात.

"आई, तांदळाचं पीठ कालवा."

"आता? पोर तापलीय न् चौक कुणाच्या लग्नाचा?"

"गाडीचा!"

पाच बाया बांबूच्या काड्या घेऊन जीपला भिडल्या. बॉनेटवर तारपा फुंकणारा वाजंत्री, दारांवर नाचणाऱ्या माणसांची रांग, मागे झाडं, मोर, मुंग्या. भागीआईंनी सवयीने दारावर देवीचा चौकही लिहिला, कारण देवीशिवाय लिहिणं त्यांना जमत नाही. सुकऱ्याने कागद वाचला, जीप बघितली, परत कागद वाचला. मग दोन्ही कुलपं काढून कडक सलाम ठोकला. टपावर तुकाचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं आणि आत सोबतीला आलेल्यांसकट आम्ही अकरा जण. त्या पाचही किलोमीटरांत जीपला एकही धक्का बसला नाही. रस्ता खरंच सुरेख झाला होता.

मोखाड्याच्या दवाखान्यात सोनीला सलाईन लागलं. संध्याकाळी ताप उतरला आणि तिने माझं बोट धरलं. तेवढ्यात उमेश धावत आला. "वहिनी, खोडाळ्याच्या बाजारात कुणीतरी फोटो काढला! सगळीकडे गेलाय!"

जाणकार बोलू लागले होते. गाडी अकरा माणसांची असणार. टपावरचं नागलीचं पोतं हवा कापण्यासाठी आहे. दारावरची देवी कंपनीचं नवं चिन्ह आहे. साहेबांनी अहवाल पाठवला : "चाचणी यशस्वी. रस्त्याचे प्रयोजन संपले." आता पुढची चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात होणार अशी बातमी आहे, म्हणून आमच्या मोरीचे पाईप उपसून तिकडे न्यायचं काम सुरू झालंय. नवव्या अर्जाला मी बसले आहे.

तो फोटो तुमच्याकडेही आला असेल. खिडकीपाशी लाल वर्तुळ केलेलं आहे तो. तुम्ही तो मोठा करून बघितलात, कॅमेरा असेल की आरसा यावर वाद घातलात, आणि पुढे पाठवलात.

ती सोनीची मूठ आहे.