विबेच्या घरचा दुसरा तुकडा

छपरावर सौर पॅनल बसवायचे ठरले, तेव्हा विबेने बायकोला शब्द दिला होता. "हिस्के, कॅनडाला जायचे पैसे कुठे पळून जात नाहीत. सात वर्षांत पॅनल पै न् पै परत करतील, मग जा खुशाल आलिदाकडे." आलिदा ही हिस्केची धाकटी बहीण. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. हिस्के मनातून फार हिरमुसली.

पुढे वीज कंपनीने नियमच फिरवला. घरात वापरून उरलेली वीज तारेत परत सोडली, की पैसे मिळणं दूरच, उलट आकार पडू लागला.

"ऊन माझ्या छपरावरचं, वीज माझी, आणि वर पैसेही मीच भरायचे?" विबे कडाडला. नेदरलँड्सच्या उत्तरेकडल्या फ्रीसलंडचा माणूस तो, एकदा हट्टाला पेटला की संपलं. "एक युनिट कुंपणाबाहेर जाऊ देणार नाही!"

त्या वर्षी मे महिनाही नेमका लख्ख उन्हाचा निघाला. विबेने मशीन लावून कपडे धुतले, पडदे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले.

"आता धुवायचा फक्त तूच राहिलायस," हिस्के म्हणाली.

"मग ओव्हन लाव!"

सफरचंदाचे केक निघू लागले. फ्रीज भरला, तळघर भरलं. टाकून देणं विबेच्या रक्तात नव्हतं. शेवटी त्याने शेजारच्या ग्रीतला कॉफीला बोलावलं.

आता गावाची रीत अशी, की कॉफीबरोबर पाहुण्याला एक बिस्किट मिळतं आणि डब्याचं झाकण लागतं. विबेकडे तर ते पाहुण्याचा हात पुरता बाहेर यायच्या आत लागायचं. ग्रीतने केकचा तुकडा संपवला आणि ती उठू लागली.

"बस गं. अजून एक घे," विबे म्हणाला.

ग्रीतने कप खाली ठेवला. "दुसरा?"

"तिसरासुद्धा घे. आणि थोडा घरी ने."

ग्रीत केक घेऊन जी निघाली, ती थेट बेकरीत. "विबेचं काही खरं नाही गं," ती डोळे पुसत सांगू लागली. "आपल्या हाताने दुसरा तुकडा वाढला मला!"

ज्याला खरं वाटेना, तो स्वतः येऊन खात्री करून गेला. केक संपत होते, फुलांचे गुच्छ येत होते. विबेला वाटलं, गावाला अखेर पॅनलची किंमत कळली.

शनिवारी पाद्रीबुवा आले. दोन तुकडे खाऊन त्यांनी विबेच्या खांद्यावर हात ठेवला. "विबे, मनात काही राहून गेलंय का रे?"

"एकच," विबे म्हणाला. "हिस्केला बहिणीची भेट घालून द्यायची होती. ते काही आता माझ्याच्याने होत नाही." पाद्रीबुवा घरी गेले आणि त्यांनी कॅनडाला फोन लावला.

चार दिवसांनी दारात टॅक्सी थांबली. बॅग तिथेच टाकून आलिदा रडत आत धावली. विबे तेव्हा शिडीवर उभा राहून पॅनल पुसत होता.

"हा तर चांगला धडधाकट आहे!" आलिदा किंचाळली. "पाद्रीबुवा म्हणाले, तो लोकांना दुसरा तुकडा वाढतोय! मी मिळेल त्या विमानात बसले."

हिस्केला आधी काहीच कळेना. मग कळलं, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. विबे शिडीवरून उतरला. आपणही रडावं की काय, असं त्याला क्षणभर वाटलं. मग डोक्यात हिशेब लागला. "बघ हिस्के, तुझं कॅनडाचं तिकीट वाचलं. सात वर्षंही लागली नाहीत!"

तेवढ्यात आभाळ भरून आलं. विबेने ताबडतोब ओव्हन बंद केला, कॉफी ओतली आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आलिदाने एक बिस्किट उचललं. खट्कन झाकण लागलं.

आलिदाने डोळे पुसले. "देव पावला गं हिस्के," ती म्हणाली. "पूर्ण बरा झाला."