तारा पंधरा मिनिटं उशिरा

"आप्पांनी आज जेवण साडेअकराला मागितलं," बायको म्हणाली.

"हं," संशोधक म्हणाला. त्याच्या एका हातात घास होता आणि दुसऱ्या हातात आलेख.

"मागच्या आठवड्यात बाराला मागत होते. त्याच्या आधी साडेबाराला. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात नाश्ता आणि जेवण एकाच ताटात वाढावं लागेल. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. वय झालं की भूक लवकर लागते."

"भूकच नाही रे, सगळंच लवकर. आंघोळ लवकर, चहा लवकर, झोप लवकर. आणि वर मलाच म्हणतात, 'सूनबाई, या घरात सगळं उशिराच होतं.'"

"हं," तो पुन्हा म्हणाला आणि आलेखावर सांडलेला थेंब त्याने बाहीने पुसला.

हा माणूस बहिरा नव्हता. उलट ऐकणं हाच त्याचा धंदा होता. कोट्यवधी मैलांवरून येणारी रेडिओ लहरींची खरखर तो पगार घेऊन ऐकत असे. फक्त ताटापलीकडून कोणी बोललं, तर ते त्याच्यापर्यंत पोचत नसे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यामुळे बायकोला हे ठाऊक होतं, तरी ती बोलायची सोडत नव्हती.

वेधशाळा गावापासून दूर, मोकळ्या माळावर होती. तिथली दुर्बीण म्हणजे माळभर खांबांवर ताणलेल्या तारा. ती कुठे वळत नसे; आकाशाचा जो तुकडा बरोबर डोक्यावर येईल तेवढाच ती बघे. तिला विजेच्या ठिणगीचंही वावडं होतं. म्हणून तिथे मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, मिक्सर नव्हता. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत पाहुणा आला तरी अर्ज भरावा लागे आणि त्यात 'सोबत आणलेली विजेची उपकरणे' असा रकाना होता. महिन्यापूर्वी आप्पा कायमचे राहायला आले, तेव्हा संशोधकाने त्यांच्या वतीने तो रकाना भरला. 'नाहीत' असं लिहून सही ठोकली. आप्पांना विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

आप्पा बस आगारात पस्तीस वर्षं वेळनियंत्रक होते. त्यांनी शिट्टी फुंकल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि एकदा फुंकली की मंत्र्यासाठीही थांबत नसे. एकटं राहायचा हट्ट सोडायला त्यांना तीन वर्षं लागली होती. आता कुठे त्यांनी इथल्या खोलीत आपली ट्रंक उघडली होती. आणि नेमका आताच संशोधकाच्या नोकरीचा करार संपत आला होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही असा नियम होता. महिनाअखेर समिती येणार होती. तिने कायम केलं तर ठीक, नाहीतर घर रिकामं करायचं आणि आप्पांना पुन्हा ट्रंक भरायला सांगायचं. हे त्याने बायकोला सांगितलं होतं, आप्पांना सांगायची हिंमत झाली नव्हती.

म्हणूनच तो आलेख त्याच्या हातून सुटत नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीत एक खूण दिसली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक लहर येई, हळूहळू चढे, माथ्यावर पोचे आणि तशीच हळूहळू उतरे. सगळा खेळ बारा मिनिटांचा. पहिल्या दिवशी त्याने कपाळावर हात मारला. कोणीतरी काहीतरी चालू केलं असणार! तो तडक शोधायला निघाला. पहारेकऱ्याची विजेरी तपासली. ग्रंथपालबाईंचं कानातलं यंत्र तपासलं, त्यावरून त्या चार दिवस बोलल्या नाहीत. अतिथिगृहाचा फ्रिज बंद करून ठेवला, त्यात सगळं दूध नासलं. सगळी वसाहत पालथी घातली, फक्त स्वतःचं घर सोडून. तिथला अर्ज त्याने स्वतःच भरलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आठवड्याभराने त्याच्या लक्षात आलं, की ही लहर रोज चार मिनिटं आधी येते. आज पाचला आली, तर उद्या पाचला चार कमी. परवा आठ कमी.

तो खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. कारण माणसं रोज चार मिनिटं आधी काही करत नाहीत. माणूस उशीर करतो, लवकर येतो, विसरतो. पण इतक्या शिस्तीत पुढे सरकत नाही. रोज चार मिनिटं आधी उगवतात ते तारे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान असतो. हे त्या माळावरच्या माळ्यालाही पाठ होतं.

पुढे तर सोन्याहून पिवळं झालं. लहरीच्या बरोबर मध्यावर दोन सेकंदांचा एक खड्डा दिसे. त्यावर त्याने आख्खा सिद्धांत उभा केला. तारा आणि आपण यांच्यामध्ये तापलेल्या विद्युतभारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, एक ढग आहे, आणि तो लहरीला क्षणभर अडवतो. ढगातल्या खळबळीचं गणित सांख्यिकीने मांडलं. हे सगळं योगायोगाने घडण्याची शक्यता चाळीस लाखांत एक निघाली.

संचालक मॅडमनी गणित दोनदा वाचलं. "समितीसमोर प्रत्यक्ष दाखवाल?"

"दाखवतो. त्या दिवशी दुपारी तीन वाजून चौदा मिनिटांनी येईल."

"मिनिटासकट सांगू नका," त्या म्हणाल्या. "एखादी तरी गोष्ट हातची राखावी."

समितीच्या दिवशी नियंत्रण कक्षात खुर्च्या मांडल्या होत्या. समितीचे अध्यक्ष दुसऱ्या एका मोठ्या वेधशाळेचे प्रमुख होते. पांढऱ्या भुवया, जड आवाज. त्यांनी बसण्याआधीच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"एक आनंदाची बातमी देतो. तुमची आकडेवारी मिळाल्यावर आमच्या लोकांनी आमच्या जुन्या नोंदी चाळल्या. तीच लहर आमच्याकडेही सापडली. मधल्या खड्ड्यासकट! खरं म्हणजे आमचा खड्डा थोडा जास्तच खोल आहे."

टाळ्या पडल्या. संशोधकाच्या डोळ्यांपुढे आप्पांची उघडी ट्रंक आली आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आप्पा तिथेच होते. मुलाचा पराक्रम बघायला बायको त्यांना पहिल्या रांगेत घेऊन बसली होती. इस्त्रीचा सदरा, मनगटावर घड्याळ.

तीन दहा झाले. तीन बारा. तीन चौदा.

पडद्यावर सपाट रेघ होती.

"येईल," संशोधक म्हणाला.

तीन पंधरा. रेघ तशीच. संचालक मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. संशोधकाच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तावीस दिवसांत एकदाही न चुकलेली लहर आजच कुठे मेली? त्याने केबल दाबून बघितल्या. त्या शांततेत पहिल्या रांगेतून कुजबुज आली. पण आप्पांची कुजबुज बस आगारात घडलेली असल्यामुळे ती मागच्या भिंतीपर्यंत गेली.

"सूनबाई, पाच वाजून गेले. माझी पायांची वेळ झाली."

"आप्पा, सव्वातीन झालेत."

"तुमच्या घड्याळात. माझं घड्याळ वेधशाळेचं आहे, रोज सकाळी खोलीतल्या घड्याळाशी लावतो. पाच म्हणजे पाच. माझे पाय कळायला लागलेत."

"बरं, चला घरी," ती म्हणाली. "लवकर मसाजर लावते म्हणजे बरं वाटेल." नवऱ्याकडे बघून तिने क्षमा मागितल्यासारखी मान हलवली आणि आप्पांना हाताला धरून ती बाहेर गेली.

संशोधक केबल हातात धरून उभा राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा बायकोचं एक वाक्य त्याच्यापर्यंत पूर्ण पोचलं होतं.

मसाजर? कसला मसाजर? आप्पांचं पाय दाबायचं विजेचं यंत्र इथे चालेल ना, असं बायकोने ताटापलीकडून कधीतरी विचारलं असणार आणि आपण 'हं' म्हटलं असणार. आणि मग आठवलं, आप्पांच्या खोलीला घड्याळ हवं म्हणून त्यानेच भांडारातून एक मागवलं होतं. संगणक आल्यावर अडगळीत टाकलेली दोन जुनी घड्याळं तिथे होती, दोन्ही एकसारखी. एक साध्या वेळेचं, एक ताऱ्यांच्या वेळेचं. त्यावरच्या चिठ्ठ्या कधीच गळून पडल्या होत्या. भांडारपालाने जास्त चकचकीत होतं ते त्या दिवशीची वेळ लावून दिलं. ते बिचारं घड्याळ तारे सांगतील तसं रोज चार मिनिटं पुढे पळत होतं, आणि आयुष्यभर घड्याळावर विश्वास ठेवलेला माणूस जेवण, झोप आणि आंघोळ घेऊन त्याच्यामागून पळत होता.

"काही अडचण?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. म्हणजे... थोडं थांबू या," संशोधक म्हणाला. घर चालत दहा मिनिटांवर होतं. आप्पांच्या पायांनी तेरा.

तीन एकोणतीसला पडद्यावरची रेघ हलली. हळूहळू चढली, माथ्यावर पोचली, मध्ये खड्डा पडला आणि पुन्हा शांतपणे उतरू लागली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता गप्प बसलं, की झालं. नोकरी कायम, घर कायम, आप्पा कायम. मसाजर कुठल्या तरी नदीत टाकून द्यायचा, घड्याळ बदलायचं आणि तारा विझला असं जाहीर करायचं. तारे विझतातच. हे सगळं त्याच्या मनात नीट मांडून झालं होतं. तेवढ्यात संचालक मॅडमनी हळू आवाजात विचारलं:

"पण तारा पंधरा मिनिटं उशिरा कसा आला हो?"

तो काहीतरी प्लाझ्माचं सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण बाहेरच्या रस्त्यावरून सुनेचा हात धरून, पाय दुखत असताना, वेळ चुकली म्हणून घाईघाईने गेलेला म्हातारा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. पस्तीस वर्षं ज्याने मिनिटाचं खोटं लिहिलं नाही, त्याच्या पायांवर हे खोटं उभं करायचं त्याच्या जिवावर आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला!

"कारण त्याला घरी चालत जावं लागलं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. घड्याळ, मसाजर, न विचारता भरलेला रकाना. एका सदस्याने विचारलं, मग ही लहर चढते आणि उतरते कशी? तेव्हा तो धावत घरी गेला आणि धापा टाकत परत आला.

"आप्पा म्हणतात, पाय दचकू नयेत म्हणून बटण आधी एकवर ठेवायचं, मग दोन, मग तीन. उतरतानाही तसंच."

"आणि खड्डा?"

"तेव्हा डावा पाय काढून उजवा ठेवतात."

कोणी हसलं नाही. हसायला सुरुवात कोणी करायची, हे ठरत नव्हतं. खरं तर सगळ्यांना आठवत होतं ते दुसरंच, आणि एकेक करून सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. आप्पांचा डावा पाय शेकडो मैलांवरच्या त्यांच्या दुर्बिणीत दिसला होता, आणि तोही जास्त खोल.

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला, पूर्ण प्यायला आणि खाली ठेवला. गोंगाटात पुरेसा वेळ बघत राहिलं की हवं ते दिसतं, हे त्यांनी स्वतःच चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. ते उठले. संचालक मॅडमना त्यांनी खिडकीपाशी बोलावून घेतलं. संशोधकाला वाटलं, संपलं. आता आप्पांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यं तो मनात जुळवू लागला, आणि एकही जुळेना.

पाच मिनिटांनी ते दोघे परत आले. मॅडमचा चेहरा गंभीर होता. पण ओठांचे कोपरे त्यांच्या ताब्यात राहत नव्हते.

"समितीचा निर्णय कळवते," त्या म्हणाल्या. "आकाशात तुम्हाला काही सापडलेलं नाही. पण जे नाही ते नाही म्हणून भरसभेत सांगणारा माणूस आम्हाला गेल्या बारा वर्षांत मिळाला नव्हता. तुमची नेमणूक कायम. आणि तो मसाजर आज संध्याकाळच्या आत वसाहतीबाहेर गेला पाहिजे. आप्पांचे पाय तुम्ही हाताने दाबायचे."

"रोज दाबीन," तो म्हणाला.

लोक चहाला उठले. अध्यक्ष मात्र मागे रेंगाळले. खोली रिकामी झाल्याची खात्री करून त्यांनी संशोधकाला दाराआड ओढलं. त्यांचा जड आवाज आता एकदम हलका झाला होता.

"अहो, एक काम होतं. पुढच्या आठवड्यात दोन दिवस आमच्याकडे येऊन जाल का? कोणाला कळता कामा नये."

"येईन की, सर. काय बघायचंय?"

"आमच्याकडे आणखी अकरा तारे सापडलेत," अध्यक्ष म्हणाले. "ते कोणाकोणाचे वडील आहेत, तेवढं बघून द्या."