भाकरी अख्खी पोचली पाहिजे

"अक्का, म्या भाकरी मागितली होती. हा तर भुगा आलाय!"

तुळजापूरहून महेश्वरीचा फोन होता, आणि आवाज असा की उमादेवींनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. महेश्वरीचं तिथं लॉज होतं, खाली खानावळ. देवीला येणाऱ्या लोकांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढायची असं तिनं ठरवलं होतं. उमादेवींनी अणदूरच्या घरी चुलीपुढं बसून पापडासारख्या पातळ भाकरी थापल्या, खडखडीत वाळवल्या आणि जीपच्या टपावर चढवून दिल्या. टपावरून त्या पोचल्या, पण भाकरी म्हणून नाही.

"अगं, लोक शेवटी चुरूनच खातात की," उमादेवी म्हणाल्या.

"चुरतात, पण आपल्या हातानं. आपुन चुरून वाढली तर उष्टी वाढल्यावानी दिसतंय. शुक्रवारी परत पाठवा. तवा बी असंच झालं तर म्या आपली सोलापूरहून मागवते."

सोलापूरचं नाव उमादेवींना फार लागलं.

"सोलापूर-बिलापूर काय न्हाय. शुक्रवारी भाकरी अख्खी पोचंल. म्या सोता घेऊन येते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचे यजमान गुंडप्पा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तेव्हापासून त्यांच्यापुढं वर्गच नव्हता. ते लगेच पेपर बाजूला ठेवून उभे राहिले.

"यात भाकरीचा काहीच दोष नाही," ते म्हणाले. "वेगात असलेली वस्तू थांबवायची तर आवेग द्यावाच लागतो. तो टळत नाही. पण थांबायला वेळ जास्त मिळाला, की बल कमी बसतं. कॅच घेताना पोरं हात मागं का नेतात?"

"हात दुखू नये म्हणून."

"तेच भाकरीचं! खाली मऊ पाहिजे. मऊ म्हणजे थांबायला जास्त वेळ."

"मग करा की मऊ. नुसतं बोलून काय हुतंय?"

गुंडप्पांना एवढंच हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी कडब्यात भाकरी बांधून पोतं घरावरच्या माळवदावरून अंगणात सोडलं. कडब्याची धाटं भाकरीत आरपार घुसली. दुसऱ्या दिवशी कापूस घेतला. भाकरी वाचल्या असत्या, पण खोकं हवेतच उलटं झालं आणि नेमकं कापूस नसलेल्या बाजूवर पडलं. उमादेवी थापत होत्या, गुंडप्पा पाडत होते. शेजारच्या मल्लम्मा शेंगाचटणी-तेलाची वाटी घेऊनच अंगणात येऊन बसायला लागल्या. तुकडे वाया जाऊ नयेत, ही त्यांची तळमळ.

"सर, उद्याचा प्रयोग किती वाजता?" त्यांनी चटणीचं बोट चाटत विचारलं.

गुरुवारी गुंडप्पांनी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात दोन गोधड्या घातल्या आणि मधोमध भाकरीची चवड ठेवली. खोकं माळवदावरून पडलं, जरा डुललं आणि थांबलं. उघडून पाहिलं तर एकही भाकरी फुटली नव्हती. मल्लम्मा तेवढ्या हिरमुसल्या आणि वाटी घेऊन घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी उमादेवींनी स्कूटी काढली. हायवेच्या फाट्यापर्यंत स्कूटी, पुढं जीप. मागं गुंडप्पा, त्यांच्या मांडीवर खोकं.

"जीप चुकली तर बघा," उमादेवींनी बजावलं आणि गाडी दामटली.

फाट्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून महांतप्पा दूधवाला मोटारसायकलवर आला, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. बाईमाणूस थांबेल असं महांतप्पाला वाटलं. दूधवाला थांबेल असं उमादेवींना वाटलं. दोघांनाही फार वेग नव्हता, पण थांबलं कुणीच नाही.

धाडकन आवाज झाला. उमादेवींनी हँडल सोडलं नाही, म्हणून त्या गाडीवरच राहिल्या. गुंडप्पांनी धरायला काहीच नव्हतं. ते रस्त्याकडेच्या मुरमावर उताणे पडले. खोकं त्यांच्या हातून सुटून वर गेलं आणि वरच उघडलं. गोधड्या उडून सांडलेल्या दुधात पडल्या आणि उघडी चवड घेऊन खोकं खाली यायला लागलं. गुंडप्पांना सगळं स्वच्छ दिसत होतं. हलावं की नाही याचा विचार करण्याइतकाही अवधी नव्हता. खोकं त्यांच्या पोटावर बसलं. पोट आत गेलं, बरंच आत गेलं, मग सावकाश वर आलं.

उमादेवी धावत आल्या. "लागलं का वो?"

गुंडप्पा कण्हले. "जरा कमरेत..."

"तुमाला न्हाय, भाकरीला!"

त्यांनी वाकून पाहिलं. चवड जशीच्या तशी. मग कुठं त्यांनी नवऱ्याला हात दिला आणि त्यांच्या पाठीवरचा मुरूम पदरानं झटकला.

"अक्का, माझं दूध गेलं की वो!" महांतप्पा ओरडला.

"व्हय बाबा, गेलं. दुधाचं संध्याकाळी घरी ये, बोलू. आधी ती जीप थांबीव!"

जीप थांबली. गोधड्या तर दुधानं भिजलेल्या. उमादेवींनी क्षणभर खोक्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"टेकून बसा," त्या म्हणाल्या. "अजून. पाय लांब करा. आता हे पोटावरनं हलवायचं न्हाय."

"अगं, पण मी..."

"बोलू नका, हलतंय."

तुळजापूरपर्यंत जितके गतिरोधक आले तितक्या वेळा गुंडप्पांनी श्वास रोखून धरला. कंबर ठणकत होती, पण खोकं हललं नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आपरेशन झालंय का?" उमादेवींनी गंभीरपणे मान हलवली, त्यामुळं बाकीच्यांनीही सरकून जागा दिली.

महेश्वरीनं खानावळीत खोकं उघडलं, एकेक भाकरी उचलून उजेडात धरली.

"सगळ्या अख्ख्या! अक्का, जिंकलात!"

तिनं लगेच पंगतीला वाढायला घेतल्या. पुढच्या क्षणी पंक्तीभर भाकरींवर मुठी आपटायला लागल्या. कड्, कड्, कडाकड्!

"अहो, हळू!" गुंडप्पा कळवळून उठले. पंगत त्यांच्याकडं बघायला लागली. उमादेवींनी त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं.

"दर शुक्रवारी पाठवा," महेश्वरी त्यांच्या ताटात हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, वाढत म्हणाली. "पर बांधलं कशात हुतं? फोम का थर्माकोल?"

गुंडप्पांनी घसा साफ केला. विद्यार्थी समोर होता, विषय आवडता होता. पण उमादेवीच आधी बोलल्या.

"ह्यांच्या पोटावर आणल्या."

महेश्वरीनं गुंडप्पांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला हसू आलं नाही. तिला धंदा कळत होता.

"मग पुढल्या शुक्रवारी बी सरच पायजेत," ती म्हणाली. "दुप्पट भाकरी लागतील."

उमादेवींनी "व्हय" म्हणून टाकलं होतं. गुंडप्पांनी बायकोकडं पाहिलं, स्वतःच्या पोटाकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि ताट पुढं सरकवलं.

"हुग्गी वाढा अजून," ते म्हणाले. "आणि तुपात हात आखडू नका."