एकतीस तासांनी दिलेल्या सुईची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, माघ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मुक्काम भांडुप येथील एका चार मजली इस्पितळात हाडांचे डॉक्टर नितेश यांनी अतिदक्षता विभागाचे दार अर्धे उघडून आम्हांस वर्तमान सांगितले की, फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली, शर्थ बहुत केली, यश आले नाही. येणेप्रमाणे आमचे कुटुंब सौभाग्यवती सुलक्षणाबाई परब, उमर सदुसष्ट, वारल्या. आणि त्याच दुपारी आम्ही स्मशानातून येऊन अंघोळ करून बसलो तोच इस्पितळाचा खलिता मोबाइलवर दाखल जाहला की, आमच्याकडील आपला अनुभव कसा होता तो कळवावा आणि पाचांपैकी तारे द्यावे. साहेबांनी पुसिले म्हणून लिहितो. लेखक दशरथ परब, आरे दुग्धवसाहतीत गुरांच्या दवाखान्यात तेहतीस वर्षे मलमपट्टी केली. लेखणीची सवय नाही. जाहले ते लिहिले.

रथसप्तमीस, म्हणजे त्याच आठवड्याच्या रविवारी, बाईंनी गॅलरीत सूर्याकडे तोंड करून शेगडीवर दूध उतू घातले, आणि मग उतू गेलेले पुसायला फडके आणावे म्हणून वळल्या, तो पाय त्याच दुधावर घसरला आणि उजवी मांडी खुब्यापाशी मोडली. दहा वाजता इस्पितळी दाखल केले. फोटो काढिला, हाड दोन जागी, ऑपरेशन बुधवारी ठरले. मग वॉर्डातल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘‘काका, जांघेत एक सुई देतात. नस बधिर होते, ऑपरेशनपर्यंत जिवाला आराम पडतो. भूलवाल्या डॉक्टरांनाच येते ती. मी बोलले म्हणून सांगू नका हां.’’ येथून मोहीम सुरू जाहली.

प्रथम या राज्याची रचना सांगणे आवश्यक. दुसरा मजला वॉर्डाचा, तेथे हाडवाल्यांचा अंमल. तिसरा मजला ऑपरेशन थिएटराचा, तेथे भूलवाल्यांचा अंमल. मधली सरहद्द म्हणजे लिफ्ट. दुखणे दुसऱ्या मजल्यावर राही, त्यावरची सुई तिसऱ्या मजल्यावर, आणि दोहोंची गाठ घालून देणे हे कोणाच्याच दिमतीत नव्हते. लिफ्टमध्ये मात्र रंगीत जाहीरनामा लाविला होता की, येथे रुग्णाची वेदना हीच आमची वेदना. ती त्यांस कोठे दुखत होती ते शेवटपर्यंत कळले नाही.

खासे भूलतज्ज्ञ डॉक्टर सर्वेश हे मुलुंड, भांडुप आणि घाटकोपर अशा तीन संस्थानांत एकाच वेळी नांदत असल्याने एकातही सापडत नसत. त्यांस डॉक्टर नितेश यांजकरवी फोन केला, आणि चार तासांनी हुकूम आला तो येणेप्रमाणे: सुई देणे ती सोनोग्राफीच्या यंत्रात नस पाहून द्यावी. यंत्र तिसऱ्या मजल्यावर, त्याची सरकारी नोंद तिसऱ्या मजल्याची, खाली उतरविल्यास जप्ती येईल. पेशंट वर न्यावा, तर ऑपरेशनाविना पेशंट वर घेण्याची रीत नाही. सबब पेशंट खाली असावा, यंत्र वर असावे आणि गोळ्या चालू ठेवाव्या. असा तह करून सरदार घाटकोपरास कूच करते जाहले.

आता यंत्राच्या नोंदीचा कायदा कशासाठी, तर पोटातले मूल मुलगी आहे असे पाहून कोणी पाडू नये यासाठी. कायदा उत्तम. इस्पितळातल्या इस्पितळात, दाखल असलेल्या पेशंटापाशी यंत्र नेण्यास त्यात मनाई नाही हे आम्हांस मागाहून कळले. मनाई भयाची होती, आणि भय कोणाचे ते विचारावे तर प्रत्येकजण वरच्या मजल्याकडे बोट दाखवी. हे सारे डॉक्टर नितेश यांनी बाईंस समजावून सांगितले. बाई मालवणच्या, त्यांच्या बोलीत मुलगा तो झील आणि मुलगी ती चेडू. दात आवळून पडल्या होत्या, तरी म्हणाल्या, ‘‘मगे डॉक्टरांनू, मशीन गावली की माका पण सांगा. झील हा की चेडू?’’ शेजारच्या पलंगावरची गुजराती म्हातारी मालवणी न कळताही हसली. डॉक्टर हसले नाहीत.

मग आम्ही अर्ज गुजारला की, साहेब, आम्ही गुरांच्या दवाखान्यात होतो, म्हशीस टाके घालण्याआधी आमचे डॉक्टर शेपटीच्या मुळाशी बोटांनी जागा चाचपून बधिरतेची सुई देत, यंत्र कोणी पाहिले नव्हते आणि म्हैस उभ्या उभ्या रवंथ करी. तेव्हा हातानेच देता आल्यास द्यावी. त्यावर डॉक्टर नितेश म्हणाले, ‘‘काका, प्लीज. माणसांच्या हॉस्पिटलमध्ये म्हशी नका आणू.’’ त्यांची पाठ फिरताच बाई म्हणाल्या, ‘‘अवो, ह्येंच्यापेक्षा तुमच्यो म्हशी बऱ्यो.’’

रविवार गेला. एक इंजेक्शन दिले, त्याने ओकारी जाहली, आणि ओकताना मांडी हलली. बेडपॅन सरकवायचे तर दोघींनी कंबर उचलावी लागे, आणि मग जो आवाज बाईंच्या तोंडून निघे तो आम्ही त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ऐकिला नव्हता, दोन बाळंतपणांतही नाही. दुसऱ्या वेळेनंतर बाईंनी पाणी सोडले. न प्यावे म्हणजे बेडपॅन लागणार नाही, हा त्यांचा हिशेब. ओठ चिरले, तरी भांडे हाताने दूर सारीत. आम्ही हे सिस्टरांस सांगितले, त्यांनी डॉक्टरांस सांगितले, डॉक्टरांनी केसपेपरावर लिहिले. लिहून ठेवणे या राज्यात फार चांगले चाले.

सोमवारी सव्वीस जानेवारी. आम्ही खालच्या अंगणात उभे राहून झेंड्यास वंदन केले, आणि त्याच गर्दीत यंत्राच्या किल्लीचे आणि नोंदवहीचे रखवालदार कारकून काशीराम यांस गाठावे असा मनसुबा केला. परंतु काशीराम झेंडा वर जाताच किल्लीसह विरारास सासरवाडीस निघून गेले होते. फोन केला. म्हणाले, ‘‘परबकाका, आज नॅशनल हॉलिडे ना! उद्या बघू, टेन्शन नका घेऊ.’’ येणेप्रमाणे एका जावयाच्या खिशात किल्ली, किल्लीत यंत्र आणि यंत्रात आमच्या बायकोची झोप अडकून राहिली.

दुपारी तीन वाजता कोणा बाळंतिणीचे तातडीचे ऑपरेशन निघाले आणि सरदार सर्वेश गावात नसल्याने घाटकोपराहून डॉक्टर श्रुतिका गायकवाड या भूलतज्ज्ञ बाईंस बोलाविणे जाहले. हे वर्तमान सिस्टरांनी आम्हांस दिले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर जाऊन लिफ्टचे दार अडवून उभे राहिलो. पाऊण तासाने श्रुतिकाबाई बाहेर आल्या, अंगाने किरकोळ, हातात अर्धा वडापाव. आम्ही हात जोडून पाच वाक्यांत सारे सांगितले. त्यांनी एकच पुसिले, ‘‘किती तास झाले?’’

‘‘तीस.’’

‘‘काय चाललंय काय इथे!’’ असे म्हणून त्यांनी वडापाव खिशात घातला आणि जिन्यानेच खाली आल्या. सरदार सर्वेश यांस फोन लाविला. तिकडून काय हुकूम आला तो ऐकू आला नाही. इकडून इतकेच ऐकू आले: ‘‘सर, यंत्र असतं तर उत्तमच. नाहीये. हाताने देते, केसपेपरवर माझं नाव लिहिते. नंतर ओरडा मला.’’

मग सही घेतली, आणि सुलक्षणाबाईंच्या जांघेपाशी बोटांनी मापून खूण केली, जागा बधिर केली आणि सुई घातली. आम्हांस म्हणाल्या की आत दोन पडदे आहेत, सुई एकेक ओलांडते तेव्हा बोटास टचकन कळते. पहिला कळला. दुसरा कळला. औषध सोडले. सारे मिळून दहा मिनिटे. तीन संस्थानांचा सरदार, कायद्याची नोंदवही, विरारची किल्ली, इतक्यांना जे तीस तासांत साधले नाही ते अर्धा वडापाव खिशात असलेल्या बाईने दहा मिनिटांत केले.

वीस मिनिटांनी सुलक्षणाबाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळे उघडून म्हणाल्या, ‘‘माका पाणी द्या. तांब्याभर द्या.’’ तांब्या रिता केला. बेडपॅन दिले तेव्हा आवाज आला नाही. आणि मग झोपल्या त्या सकाळपर्यंत.

मंगळवारी सरदार सर्वेश यांची स्वारी आली. पेशंटाकडे न पाहता केसपेपर पाहिला, आणि वॉर्डात सुई देण्याची परवानगी कोणाची असे पुसिले. त्या दिवसापासून श्रुतिकाबाईंस त्या इस्पितळाचे बोलावणे बंद जाहले. बुधवारी ऑपरेशन यथास्थित पार पडले, आणि शुक्रवारचे वर्तमान आरंभी लिहिलेच आहे. सुई वेळेत मिळती तर बाई वाचती, असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस तितके शिक्षण नाही. पाणी सोडलेल्या बाईचे रक्त कसे दाटते ते म्हशीच्या डॉक्टरास कळे, इतकेच म्हणतो.

सबब कायम नोंद करितो की, माघ शुद्ध अष्टमी, सोमवार, सायंकाळी पाच वाजता, मुक्काम दुसरा मजला, पलंग बारा येथे, गनीम पक्षाची नोंदवही, किल्ली, सुट्टी आणि रीत या सर्वांचा मोड होऊन फत्ते जाहली. विजयाचा मान डॉक्टर श्रुतिका गायकवाड यांचा. इतर कोणाचा नाही.

दिवस-वार आटोपल्यावर आम्ही इस्पितळास अर्ज दिला की, हाड मोडून येणाऱ्यास दारातच ही सुई मिळावी असा लेखी हुकूम काढावा. पोच मिळाली. हुकूम निघालेला नाही. काल विचारायला गेलो तेव्हा पलंग बारावर कांजूरमार्गच्या शांताबाई होत्या, खुबा मोडलेला, आदल्या दिवसापासून. त्यांना सुई दिलेली नव्हती.